हात लावू नकोस

बटणावरून अंगठा उचलला तेव्हा लॅपटॉपचा पंखा थांबला होता. सकाळपासून तो पंखा फिरत होता हे त्याला तो थांबल्यावर कळलं, आणि स्वयंपाकघर एकदम मोठं वाटायला लागलं. काही वेगळं केलं असं त्याला क्षणभर वाटलंच नाही. बटण दाबून धरायचं, मनात आकडे म्हणायचे, सोडायचं, जरा दम खाऊ द्यायचा, पुन्हा दाबायचं. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, पॅनेलवरचा दिवा वेड्यासारखा लुकलुकत राहिला, की मशीन रूममध्ये जायचं, मेन स्विच खाली ओढायचा, थोडं थांबायचं आणि पुन्हा वर करायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानं लिफ्ट सुटायची आणि आतली माणसं बाहेर येऊन त्याचे हात हातात घ्यायची. तेव्हा ज्या पडद्यावर अर्धा तास एकच आकडा अडून बसलाय, खालच्या टिंबांचं कडं नुसतं जागच्या जागी फिरतंय, त्याला त्याच्या धंद्यात एकच औषध होतं. 'अपडेट पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नका' असं पडद्यावर लिहिलं होतं, ते त्यानं वाचलंही होतं. पण असल्या पाट्या त्यानं स्वतः कितीतरी लिफ्टांवर चिकटवल्या होत्या, आणि पाटी चिकटवणाऱ्याला ती आपल्यासाठी आहे असं सहसा वाटत नाही. त्यानं पुन्हा बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं. टिंबांचं कडं आलं, फिरलं, थबकलं. पडदा काळा झाला. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा कडं, पुन्हा काळोख. चौथ्यांदा हेच झालं तेव्हा त्याला सकाळी बायकोनं जाताना फोनवर लिहून त्याच्या नाकासमोर धरलेलं वाक्य आठवलं: 'लॅपटॉपचं अपडेट आपणहून सुरू झालंय. होऊ दे. हात लावू नकोस.'

लिहून, कारण तिला बोलायला बंदी होती. गेल्या आठवड्यापासून डॉक्टरांनी तिचा घसा बंदच करून टाकला होता. बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजण्यानं जास्त ताण पडतो म्हणे. हे त्याला पटलं नव्हतं आणि त्यानं डॉक्टरांना तीन वेळा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरांनी उत्तर तिच्याकडे बघून दिलं. म्हणून आज ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना ती आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन गेली होती. 'तू आलास की मला तुझ्याकडे लक्ष द्यावं लागतं,' असं तिनं लिहिलं होतं, आणि त्यापुढे हसरा चेहरा टाकला होता, म्हणजे त्याला लागू नये. त्याला लागलं होतं. घरात त्यांनी एक सोय काढली होती: तो विचारायचा आणि ती जे हाताशी असेल त्यावर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. चहा हवा? टक. पंखा बंद करू? टक टक. सुरुवातीला दोघांना गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं की आपण दिवसभर असेच प्रश्न विचारतोय ज्यांची उत्तरं एवढीच असतात, आणि खरे प्रश्न तसेच पडून राहिलेत. परवा ऑपरेशन. स्वरयंत्रावरची गाठ काढायची. गाठ साधी आहे, त्याची भीती नाही, आवाज परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण हाच येईल का, असं त्यानं विचारल्यावर ते चष्मा पुसायला लागले होते.

हाच आवाज तिच्या पोटापाण्याचा होता. ती पुस्तकं वाचायची, म्हणजे लोकांना कानानं ऐकता यावीत म्हणून संपूर्ण पुस्तकं ध्वनिमुद्रित करून द्यायची. झोपायच्या खोलीतलं मोठं कपाट तिनं त्यासाठी रिकामं केलं होतं. आतून चहूबाजूंनी रजया ठोकलेल्या, एक स्टूल, एक दिवा, समोर माइक. कपाटाचं दार लागलं की घराला नियम लागू व्हायचे. बूट नाहीत, मोजे. नळ नाही. मिक्सर, टीव्ही, शिंक, काही नाही. फ्रिज घरघरतो म्हणून तो बंद करायचा, आणि पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागेल. दोघांच्या खिशातली किल्ली कायम गार असायची. तो ड्यूटीवरून लवकर आला की सोफ्याच्या कडेला पुतळ्यासारखा बसायचा, आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, शब्द नाहीत, नुसती चाल. पुस्तकातला आवाज तिचा होता आणि नव्हताही. घरात ती भरभर, अर्ध्यावर सोडून बोलायची. कपाटात तिचं प्रत्येक वाक्य नीट जमिनीवर पाय टेकायचं. त्याला तिथे बसवायचं नाही. आधी गुडघा हलायला लागायचा, मग बोटं, मग तो उगाच उठून खिडकीची कडी बघायचा. चुळबुळ्या हे नाव तिनं त्याला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ठेवलं होतं. गंमत म्हणजे कामावर त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. माणसं लिफ्टमध्ये रडतायत, दारावर बुक्क्या मारतायत, आणि हा बाहेर उभा राहून दाराच्या फटीतून संथपणे बोलतोय, अशी त्याची ख्याती होती. या दोन नावांचा माणूस एकच कसा, हे तिच्या धाकट्या बहिणीला कधी कळलं नव्हतं.

बोलायला बंदी लागणार हे कळल्यावर तिनं हातातलं पुस्तक संपवायचा ध्यास घेतला. जाडजूड कादंबरी होती. आधीची प्रकरणं तिनं पाठवून दिली होती, शेवटची राहिली होती, आणि ती तिनं तीन दिवसांत, आवाज फाटायच्या आत, कपाटात बसून उरकली. शेवटच्या दिवशी तर पुस्तकाचं शेवटचं पान चालू असताना त्याच्या हातून चमचा पडला होता आणि तो जिथल्या तिथे गोठून उभा राहिला होता. त्या फायली अजून कच्च्या होत्या. चुका, खोकले, अडखळणं सगळं कापून साफ करायचं काम बाकी होतं, आणि त्याला आवाज लागत नाही म्हणून ती आज परत आल्यावर ते करणार होती, उद्या पाठवणार होती. तिची एक सवय होती. साफ केल्याशिवाय ती काही दुसरीकडे उतरवून ठेवायची नाही. केर कशाला जपून ठेवायचा, म्हणायची. साफ झालेल्या फायली बाहेरच्या डिस्कवर जायच्या, कच्चा माल फक्त लॅपटॉपमध्ये. म्हणजे ती शेवटची प्रकरणं आत्ता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण त्याच्यासमोर टेबलावर उजळत आणि विझत होतं. प्रकरणं गेली तर पुस्तक गेलं. एका कादंबरीला दोन आवाज चालत नाहीत, पुस्तक काढणारी कंपनी दुसऱ्या कुणाकडून पहिल्यापासून वाचून घेईल. आणि ते सोड, पुस्तकं पुष्कळ आहेत. पण परवानंतर या आवाजात ती पुन्हा कधी वाचेल का, हे चष्मा पुसणाऱ्या त्या माणसालाही सांगता येत नव्हतं. त्यानं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. माझ्या हातानं, तो म्हणाला, मोठ्यानं, रिकाम्या स्वयंपाकघरात. गाढवा, ह्या हातानं.

फोन थरथरला. तिचा निरोप. 'रक्त दिलं. अजून दोन रांगा. झालं का अपडेट?' त्याची बोटं फोनवर गेली आणि तिथेच थांबली. मग त्यानं लिहिलं, 'चालू आहे.' हे खोटं नव्हतं, खरंच काहीतरी चालूच होतं, चिन्ह, कडं, काळोख. तिनं अंगठा पाठवला. त्या पिवळ्या अंगठ्याकडे तो कितीतरी वेळ बघत बसला. लहानपणी त्याच्या गुडघ्यावर कायम एक जखम असायची, म्हणजे तीच जखम, कारण खपली धरली की तो ती काढायचा. खाली काय झालंय ते बघायचं असायचं. आईनं सगळे उपाय करून पाहिले, शेवटी ती रात्री त्याच्या हातांवर वडिलांचे लोकरी मोजे चढवून मनगटाशी सुतळीनं बांधायची. 'अरे, बरं होतंय ते. तू बघितलंस म्हणजे लवकर बरं होणारे का?' सकाळी मोजे दातांनी सोडलेले असायचे. आई शेवटी आजारी पडली तेव्हा तिच्या उशाशी नर्सला बोलावायचं एक बटण होतं, आणि तो ते इतक्यांदा दाबायचा की एकदा नर्सनं येऊन, काही न बोलता, वायर काढून खिशात टाकली. आई हसली होती. त्या अवस्थेतही तिला हसू आलं. 'मोजे आणा ह्याच्यासाठी,' म्हणाली. आत्ता टेबलाशी बसल्या बसल्या त्याला हातांवर ती खरखरीत लोकर जाणवली आणि त्यानं हात मांड्यांखाली दाबून धरले.

पण मांड्यांखाली हात धरून लॅपटॉप सुरू होत नाही. त्यानं चार्जर काढून लावला. माउस काढला. लॅपटॉप उलटा करून खालच्या जाळीत फुंकर मारली, याचा उपयोग नाही हे माहीत असून. फोनवर शोधलं तर जगातल्या हजारो माणसांचं नेमकं हेच झालेलं होतं आणि प्रत्येकाला दुसऱ्यानं वेगळं काहीतरी सांगितलं होतं. एकानं लिहिलं होतं की बॅटरी काढून रात्रभर ठेवा. एकानं लिहिलं होतं, 'सगळं गेलं समजा.' त्याच्याखाली कुणीतरी हात जोडले होते. शेवटी त्यानं लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर वाचून हेल्पलाइनला फोन लावला. संगीत वाजलं. मग सर्दी झालेला एक तरुण आवाज आला.

"बोला सर, काय झालंय?"

"सुरूच होत नाहीये. चिन्ह येतं, गोल फिरतं आणि परत पहिल्यापासून."

"अपडेट चालू होतं का?"

"हो."

"मध्ये बंद झाला का?"

"वीज गेली असेल."

"लॅपटॉपला बॅटरी असते सर."

"बरं, मी बंद केला," तो म्हणाला. कान तापले होते. "अडकला होता म्हणून बंद केला."

"अडकलेला नसतो सर तो. दिसत नाही, पण आत काम चालू असतं. सगळेच करतात, तुम्ही काही पहिले नाही." सर्दीवाल्यानं नाक ओढलं. "आत महत्त्वाचं काही आहे का?"

"माझ्या बायकोचा आवाज आहे," तो म्हणाला, आणि हे ऐकायला किती वेडगळ वाटतंय ते कळून घाईघाईनं पुढे म्हणाला, "म्हणजे रेकॉर्डिंग. कामाचं. दुसरीकडे कुठेच नाही."

"मग ऐका. दोन रस्ते आहेत. एक, सगळं पुसून सिस्टिम नवीन टाकायची. अर्ध्या तासात मशीन चालू, पण आतलं सगळं जाणार. दुसरा, ते अर्धवट बसलेलं अपडेट काढून टाकायचं. तसं झालं तर फायली जशाच्या तशा राहतात. फक्त त्याला किती वेळ लागेल ते मी सांगू शकत नाही. दहा मिनिटं लागतील, चार तास लागतील. पडद्यावर काही हलताना दिसणारही नाही. आणि त्यात मध्येच बंद केलंत, तर मग बहुतेक पहिलाच रस्ता उरतो."

"म्हणजे नुसतं बसून राहायचं."

"हो सर. बाकी काहीच करायचं नाही."

मग त्या मुलानं त्याला निळ्या पडद्यापर्यंत नेलं. तिथे पोचायचा मार्ग असा होता की लॅपटॉप चालू करायचा, टिंबं फिरायला लागली की बटण दाबून बंद करायचा, आणि असं तीनदा करायचं. म्हणजे यंत्राला कळतं की आपल्याला काहीतरी झालंय. तीच चूक आता मुद्दाम तीनदा. त्याचा अंगठा पहिल्यांदाच बटणावर जायला कचरत होता. निळ्या पडद्यावर चौकोन होते, चौकोनांत चौकोन. एका चौकोनावर 'सर्व काढून टाका' असं होतं आणि तो नेमका पहिला होता, आपोआप उजळलेला, एंटर दाबायचा अवकाश. "खाली या सर, अजून खाली, सावकाश," मुलगा म्हणाला. 'अलीकडचे अपडेट काढा.' त्यानं तीनदा वाचून एंटर दाबलं. पडदा काळा झाला आणि मधोमध टिंबांचं कडं फिरायला लागलं. खाली आकडा नाही, टक्के नाहीत, एकच ओळ: 'हे पूर्ण होईपर्यंत संगणक बंद करू नका.'

"ठेवू का सर फोन?" मुलगा म्हणाला, आणि त्याला वाटलं, नको, ठेवू नको रे, नुसता नाक ओढत राहा. "ठेवा," तो म्हणाला.

आता काही करायचं नव्हतं. तो उठला, टेबलाला एक फेरी मारली, बसला. टिंबं मागच्यासारखीच फिरत होती, अगदी तशीच, आणि त्यातली कुठली फेरी कामाची आणि कुठली फुकटची हे ओळखायची काही सोय नव्हती. लिफ्टमध्ये निदान आवाज असतो. दोराचा ताण ऐकू येतो, मोटरचं गुरगुरणं ऐकू येतं, कान लावला की पोटातलं कळतं. त्यानं लॅपटॉपला कान लावला. पंखा फिरत होता, बाकी काही नाही. त्याला आपले जुने फोरमन आठवले, त्यांनी शिकाऊ असताना त्याला मुद्दाम लिफ्टमध्ये बंद केलं होतं. आत उभं कर, लाइट चालू, दार बंद, दोन मजल्यांच्या मध्ये, आणि स्वतः जेवायला गेले. त्यानं घंटी दाबली. मग दाबूनच धरली. फोरमन किती तरी वेळानं आले आणि फटीतून ओरडले, "अरे, घंटीनं लिफ्ट हलते होय? बोट दुखेल तुझं!" बाहेर काढल्यावर त्याचा शर्ट पिळून निघत होता. "आता कळलं आतल्या माणसाला काय वाटतं?" फोरमन म्हणाले. "ते विसरू नकोस." तो विसरला नव्हता. पण तो कायम बाहेर उभा राहिला त्यानंतर. किल्ली त्याच्या हातात, मेन स्विच त्याच्या हातात, मग संथ बोलायला काय जातं? थंडोबा म्हणे. कपाळ! खरं तर तिच्या घशाची गाठ कळल्या दिवसापासून तो आतच होता आणि जे दिसेल ते बटण दाबत होता. डॉक्टरांना तीनदा विचारलं. पुन्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ या म्हणाला. आल्याचा काढा करून दिला, तो तिनं बेसिनमध्ये ओतलेला त्यानं पाहिला. रात्री ती झोपली की तिचा श्वास ऐकत बसायचा. आणि आज सकाळी, तिनं एकच गोष्ट सांगितली होती, तीही काही करू नकोस अशी, तर त्याला तेवढंही जमलं नाही. हात शिवशिवायला लागले. समज, हे खरंच अडकलं असेल तर? समज, आता बंद केलं आणि पुन्हा लावलं तर पटकन होईल? बोट बटणाजवळ गेलं. तो उठून गॅलरीत गेला, कुंड्यांना पाणी घातलं, ओल्या कुंड्यांना पुन्हा घातलं. मग काहीतरी सुचून आत आला, खण उघडून आपले जाड लोकरी मोजे काढले, हातांवर चढवले आणि टेबलाशी बसला. कुणी पाहिलं असतं तर ठार वेडा म्हटलं असतं.

दार उघडलं तेव्हा उन्हं कलली होती. ती पुढे, मागे धाकटी, धाकटीच्या हातात हॉस्पिटलची भली मोठी पिशवी. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे.

"भाऊजी, हे काय? थंडी वाजतेय?"

त्यानं मोजे काढले. ती टेबलाशी आली होती, काळ्या पडद्यावर फिरणारी टिंबं बघत होती. तिनं भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं म्हणजे प्रश्न होता, आणि याचं उत्तर टिचकीत बसत नव्हतं.

"मी बंद केला," तो म्हणाला. "अडकलाय असं वाटलं मला. आता सुरू होत नाहीये. अपडेट काढून टाकायला लावलंय. ते झालं तर सगळं राहील. नाही झालं तर..." त्यानं काढलेले मोजे घडी करून टेबलावर ठेवले. "मध्येच बंद करायचं नाही एवढंच आहे. मी हात लावला नाही. दुपारपासून हात लावला नाही."

त्यानं तयारी केली होती. तिनं ओरडावं, पिशवी आपटावी, निदान फोनवर चार वाईट शब्द लिहून तोंडासमोर धरावेत. तिनं यातलं काही केलं नाही. ती खुर्चीत बसली, चप्पल न काढता, आणि टिंबांकडे बघत राहिली. चिडायला आवाज लागतो, हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. धाकटीनं त्याला ओट्याकडे ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, आज नको होतं हो हे. आज तिनं सही केली. आवाज पूर्वीसारखा होईलच असं नाही, समजलंय मला, अशी सही. पेन हातात धरून किती वेळ बसली होती. मी म्हटलं, ताई, उद्या करू. तर मान हलवली आणि केली." ती रडायच्या बेतात होती. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला घरी पोरं होती, ती गेली, जाताना दारातून म्हणाली, "झालं की कळवा. काहीही झालं तरी."

मग दोघंच राहिली. त्यानं चहा ठेवू का विचारलं. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. टिंबं फिरत होती. पडद्याच्या काळ्या काचेत दोघांचे चेहरे दिसत होते, तिचा पांढराफटक, त्याचा तिच्याहून पांढरा. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, कुणीतरी ओरडून दिशा सांगत होतं, मग तेही थांबलं. त्याला वाटलं, तिला आता कळत असेल की आपण कुठल्या माणसाबरोबर संसार केला. त्याचा गुडघा हलायला लागला आणि त्यानं तो हातानं दाबून धरला. तेवढ्यात त्याला दिसलं की तिचा हात टेबलावरून सरकतोय. आधी त्याला वाटलं ती टिचकी मारणार. पण बोट सरकत लॅपटॉपच्या कडेपर्यंत गेलं, कडेवरून वर, बटणापर्यंत, आणि त्यावर टेकलं. ती पडद्याकडे बघतही नव्हती, डोळे मिटले होते, ओठ घट्ट मिटले होते. तिचं बोट. जी माशी बसली तरी वाक्य पूर्ण करते, तिचं. एकाच क्षणात त्याच्या छातीतली दिवसभराची धडधड कुठेतरी गेली, आणि घशातून तो दुसरा आवाज निघाला, कामावरचा, फटीतून बोलायचा. तो कसा निघाला ते त्यालाही कळलं नाही.

"थांब. घाबरू नकोस, मी इथेच आहे," तो म्हणाला. "काही पडत नाहीये. फक्त थांबलंय. दिवा चालू आहे, हवा येतेय. दार ओढायचं नाही. हात खाली घे, सावकाश. मी कुठे जात नाही. वेळ लागतो याला, लागू दे."

तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. घरात इतक्या वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. बोट बटणावरून उचललं गेलं, हात त्याच्या हातात आला, गार पडलेला, फ्रिजमधल्या किल्लीसारखा. तो बोलत राहिला. लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलायचं ते सगळं बोलला, तुमचं नाव काय, घरी कोण कोण असतं, जेवण झालं का. आणि जेवण झालं का विचारल्यावर तिचे खांदे हलले, ती हसत होती की रडत होती ते कळेना, आवाज काढायची सोय नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. खोलीत इतकं अंधारलं की दिवा लावायला हवा होता, पण उठायचं कुणालाच सुचलं नाही. आणि मग, त्यानं काहीही केलेलं नसताना, टिंबं गेली, पडदा क्षणभर खराखुरा काळा झाला, चिन्ह आलं, आणि त्यामागून तिचा नेहमीचा निळसर पडदा उघडला, फायलींचा सगळा पसारा जिथल्या तिथे घेऊन. तिनं त्याचा हात सोडला तो त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालायला. त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

फायली आहेत म्हणजे आत आवाज आहे असं नाही, हे दोघांनाही एकदमच सुचलं असावं. तिनं शेवटची फाइल उघडली, पट्टी ओढून शेवटाकडे नेली आणि लावली. थोडी खरखर, कपाटातली शांतता, आणि तिचा आवाज, पुस्तकातला, जमिनीवर नीट पाय टेकणारा: "वळणावर आल्यावर तिनं मागे पाहिलं. घराच्या खिडकीत अजून..." आणि खण्णकन काहीतरी पडलं. आवाज थांबला. मग तोच आवाज, पण पुस्तकातला नाही, घरातला, भरभर, हसू दाबत: "झालं! अरे चुळबुळ्या, काय पाडलंस आता?" लांबून, भिंतीपलीकडून, त्याचा स्वतःचा चोरटा आवाज आला, "चमचा!" "बस ना रे जरा एका जागी. संपतच आलंय." एक श्वास, आणि पुन्हा जमिनीवर पाय टेकत: "वळणावर आल्यावर तिनं मागे पाहिलं."

दिवसभर तो ज्या ओरडण्याची वाट बघत होता ते हे. त्यानं डोळे वाहू दिले. ती मात्र कामाची माणूस. तिचा हात सवयीनं माउसकडे गेला होता, चमच्यापासून श्वासापर्यंतचा तुकडा पडद्यावर निळा झाला होता, आणि पुसून टाकायला आता एक बोट पुरे होतं. तिचं रोजचं काम होतं ते. केर होता तो.

"पुसून टाकणार?" त्यानं विचारलं.

माउसवरचा हात थांबला. दुसऱ्या हातानं तिनं टेबलावर टिचकी मारली. एक. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, श्वास रोखला, आणि वाट बघत बसला. मग दुसरी वाजली.